नियम अकरावा

१

शनिवारी सकाळी नऊ वाजता सुहासिनीबाई वाचनालयात शिरल्या, तेव्हा भिंतीवरच्या दहा नियमांचे अकरा झालेले होते.

बेलवलीचं उल्हासतीर वाचनालय तसं लहानसंच. खाली पुस्तकं आणि पेपरांचा हॉल, वर आठ महिन्यांपूर्वी उघडलेला संगणक कक्ष. जिन्याजवळच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये वाचकांसाठीचे नियम होते. शांतता राखावी, पानं दुमडू नयेत, टेबलावर डोकं ठेवून झोपू नये, असे दहा. बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात, बाईंनी ते जाड निबाच्या पेनाने स्वतः लिहिले होते. आज त्या काचेवर, दहाव्या नियमाच्या बरोबर खाली, छापील कागदाची पट्टी डकवलेली होती. एरवी पेपरसाठी भांडणारी दहा-बारा माणसं पेपर सोडून तीच वाचत उभी होती.

"नियम अकरावा. संगनक कक्षाच्या बाईंनी आवडत्या तरुन वाचकांना वेल संपल्यावरही दोन दोन तास टेबलाला चिकटवून ठेवू नये. दार ओढून घेऊन शिकवनी करू नये. ही शाला नाही, ग्रंथालय आहे, याची आठवन ठेवावी."

संगणक कक्ष सांभाळणारी विनिता जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. वय बत्तीस, नोकरी कंत्राटी, नवरा कामासाठी दुबईला. अशा बाईबद्दल असं काही भिंतीवर लागलं की गावाला पुढचं सांगावं लागत नाही. तिने कठडा घट्ट धरला होता आणि ती कुणाकडेच बघत नव्हती.

खरं सांगायचं तर पहिल्या झटक्यात सुहासिनीबाईंना बरं वाटलं. कानामागून आली नि तिखट झाली, ती हीच. वाचक दारातून आत आले की आधी विचारत, "विनिता मॅडम वर आहेत का?" बाईंनी "शांतता राखा" म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची, आणि विनिताने "अर्धा तास झाला हं काका" म्हटलं की तेच काका हसत हसत संगणक सोडायचे. शिपाई महिपती, बावीस वर्षांचा सोबती, पण त्याचाही चहा हल्ली आधी वर जायचा. त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, अशी बाईंनी शपथ घेतली होती आणि आठ महिने ती पाळलीही होती.

पण मग त्यांनी पट्टी दुसऱ्यांदा वाचली. टेबलाला चिकटवून ठेवते. दार ओढून घेते. ही शाळा नाही, ग्रंथालय आहे.

शुद्धलेखन कुणाचंही असो, वाक्यं त्यांची स्वतःची होती.

२

दहा वाजता अध्यक्ष श्यामकांत आले. कारखान्यात अधिकारी म्हणून जन्म गेलेला असल्यामुळे कुठल्याही भानगडीत दहा मिनिटांत निकाल द्यायची त्यांना सवय होती. बाईंनी ओल्या स्पंजने पट्टी सोडवून ठेवली होती. ती त्यांनी चष्मा सरकवून वाचली आणि महिपतीला समोर उभं केलं.

"संगनक, तरुन, वेल, शाला. अहो, असं आपल्याकडे बोलतं कोण? महिपतीच 'पानी' म्हणतो, 'शाला' म्हणतो. किल्ल्या त्याच्याकडे. आणि विनिताबाईंनी गेले दोन महिने त्याला टायपिंग शिकवलंय. शिकवणाऱ्याच्याच मुळावर उठला!"

"मना काय बोलाचा नाय, सायेब," महिपती म्हणाला. मांजर्लीचा मूळचा माणूस, साठीला टेकलेला, मान खाली.

"नाही केलंस, असं तरी म्हण."

महिपतीने एकदा सुहासिनीबाईंकडे बघितलं आणि परत मान खाली घातली. त्या बघण्याचा अर्थ बाईंना लागला नाही.

"ठीक आहे. पाच वाजता समिती बसेल. तोवर दुसरं नाव पुढे आलं नाही, तर तुला काढावं लागेल." त्याच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"सर, मीही पाच वाजता राजीनामा देते," विनिता म्हणाली. "लिहिणारा कुणीही असू दे. वाचलं सगळ्यांनी. मी आता कुठल्या तोंडाने वर बसू?"

मंडळी पांगली. काउंटरशेजारच्या खुर्चीत वृंदा बसली होती, नेहमीसारखी. बाईंची वीस वर्षांची मैत्रीण. आनंदनगरच्या एका कारखान्यात तीस वर्षं टंकलेखिका होती, आधी टाइपरायटरवर, मग संगणकावर. निवृत्तीनंतर रोज सकाळी वाचनालयात यायची ती थेट जेवायच्या वेळेला उठायची. आताही तिची बोटं टेबलाच्या कडेवर आपोआप नाचत होती.

"जाऊ दे गं सुहास," ती म्हणाली. "आपण कशाला मध्ये पडायचं? सुंठीवाचून खोकला जातोय तुझा."

"महिपती असं करेल?"

"माणसाचं काय सांगावं? बरं, अगं, डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं आता पुढे ढकलू नका..."

"हो का," बाई म्हणाल्या. त्या जिन्याकडे बघत होत्या. विनिता डोळे पुसत वर चालली होती, आणि बाईंच्या मनात आलं, सोमवारी हा जिना रिकामा असेल. महिपतीचा चहा आधी खाली येईल. मग आठवलं, महिपतीही नसेल.

त्यांनी पुस्तकं डकवायच्या खळीची बाटली काढायला खण उघडला. बाटलीचं झाकण अर्धवट होतं आणि ब्रश ओला होता.

पट्टी त्यांच्याच खळीने चिकटवलेली होती.

३

म्हणजे वाक्यं त्यांची, खळ त्यांची, आणि आठ महिन्यांचा जळफळाटही त्यांचाच. श्यामकांतांच्या जागी त्या असत्या तर त्यांनी संशय महिपतीवर घेतला नसता, सुहासिनीवर घेतला असता.

ही वाक्यं त्या बोलल्या होत्या वृंदापाशी. पण काउंटरवर बोललेलं हॉलभर जातं, आणि महिपती झाडू घेऊन तिथेच असतो. वृंदाला तर जिन्याच्या चार पायऱ्याही चढवत नाहीत, आणि संगणक कक्षावर बहिष्कार टाकण्यात ती बाईंच्या बरोबरीने होती. शुक्रवारी संध्याकाळी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्या वेळी कोण आलं नि गेलं, हे महिपतीलाच माहीत, आणि महिपती तोंड उघडत नव्हता.

साडेअकराला त्याने चहा आणून ठेवला. पंख्याच्या वाऱ्याने पट्टी उडून जमिनीवर गेली.

"बाई, कागद खाली परला," तो म्हणाला आणि पुढे गेला.

बाईंनी वाकून पट्टी उचलली आणि वाकलेल्याच राहिल्या. परला. महिपती 'पडला' म्हणतच नाही. गाडीला गारी, घोड्याला घोरा. बावीस वर्षं त्याचं हे बोलणं त्या ऐकत होत्या आणि आता ऐकू येईनासं झालं होतं, घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीसारखं.

पट्टीवर होतं, 'आवडत्या'. महिपतीने बोलतो तसं लिहिलं असतं, तर 'आवरत्या' झालं असतं. 'ओढून' नीट, 'आठवन'मधला ठ नीट. आणि 'ठेवू नये', 'ठेवावी' ही भाषा तर नियमांच्या फ्रेममधली. चुकले होते फक्त दोन वर्ण. ण चा न झाला होता आणि ळ चा ल. जिथे जिथे आले तिथे, एकही सुटला नव्हता.

माणूस चुकतो तेव्हा कधी चुकतो, कधी चुकत नाही. इतकं नेमाने चुकतं ते यंत्र.

बाई उठल्या आणि आठ महिन्यांची शपथ मोडून जिना चढू लागल्या.

४

वरची खोली त्यांनी मनात रंगवली होती त्याहून फारच साधी निघाली. चार संगणक, एक वही, आणि भिंतीवर नियम. वापराआधी नाव, वेळ व कारण वहीत लिहावे. एका संगणकावर एकच व्यक्ती. वेळ अर्धा तास. कुणी वाट पाहत नसल्यास वेळ वाढवून मिळेल. हा शेवटचा नियम बाईंनी कधी वाचलाच नव्हता. आणि दार ओढलेलं असायचं ते बिजागरी सैल असल्यामुळे, आपोआप.

विनिता टेबल आवरत होती. दोन दोन तास बसणारा तो पुष्करही होता. अंबरनाथचा पोरगा, सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसणारा. बाईंना बघून दोघंही उभी राहिली.

"विनिता," बाई म्हणाल्या. आठ महिन्यांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. "यावर ण कसा काढतात?"

विनिताला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग तिने खुर्ची पुढे सरकवली. "इंग्रजी अक्षरांवरच मराठी टाइप करतो, मॅडम. साधा एन दाबला की न, शिफ्ट धरून दाबला की ण. तसंच एलचं, ल आणि ळ. टी चा त, शिफ्टबरोबर ट. डी चा द, शिफ्टबरोबर ड."

"आणि शिफ्ट चाललीच नाही तर?"

विनिता आणि पुष्कर एकमेकांकडे बघू लागले. "चार नंबरची डावी शिफ्ट मेलीय," पुष्कर म्हणाला. "मॅडम, खरं सांगू का, माझ्याच हातून गेली. त्यासाठीच तर विनिता मॅडम शुक्रवारी सरांकडे अर्ज घेऊन गेल्या होत्या, नवीन कीबोर्डचा. सहा ते साडेसहा. मी पण नव्हतो, क्लास होता कल्याणला. महिपतीमामा बसले होते इथे."

बाई चार नंबरला बसल्या आणि एका बोटाने 'टाळ' शोधू लागल्या. डाव्या करंगळीने शिफ्ट, उजव्या बोटाने अक्षर. पडद्यावर उमटलं, 'ताल'.

"बघा, दोन्ही गेले," विनिता म्हणाली.

"म्हणजे माझ्यासारख्या माणसाने लिहिलं असतं, तर 'आवदत्या' झालं असतं. 'तेबल' झालं असतं." बाईंनी पट्टी पुढे ठेवली. "इथे ट आहे, ड आहे. मेली ती फक्त ण आणि ळ. एकच कळ अर्धी जिवंत कशी?"

"महिपतीमामा पण एकाच बोटाने करतात," विनिता हळूच म्हणाली. "त्यांचाही ट गेला असता."

पुष्करने आपले दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि तो थबकला. "अरे, हे तर सिंपल आहे! दहा बोटांनी शिकवतात ना, तेव्हा जे अक्षर उजव्या हाताचं, त्याला शिफ्ट डावी. डाव्या हाताचं अक्षर, शिफ्ट उजवी. एन, एल उजवीकडे, म्हणजे डावी शिफ्ट. टी, डी डावीकडे, म्हणजे उजवी." त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, मी दहा बोटंवाला आहे, पण आईशप्पथ मी नाही. मला माहितीये ती कळ मेलीय, मी चार नंबरला हात पण लावत नाही."

"माहितीये रे. तू स्वतःचीच बदनामी कशाला करशील?" बाई म्हणाल्या.

ज्याला कळ मेलेली ठाऊक नव्हती, म्हणजे जो इथे कधी येत नव्हता. ज्याची बोटं दहाही चालतात आणि जो पडद्याकडे बघत नाही. ज्याला खळीचा खण माहीत आहे. आणि ज्याच्यापाशी बाई महिनाभर ती वाक्यं घोळवत होत्या.

बाई पट्टी उचलून जिन्याशी आल्या. खालच्या हॉलमध्ये टेबलाच्या कडेवर बोटं वाजत होती.

५

महिपती मागच्या नळावर कपबश्या विसळत होता.

"शुक्रवारी चार नंबरला वृंदाताई बसल्या होत्या ना?" बाईंनी विचारलं.

त्याने नळ बंद केला. "तुमाला म्हाईत नाय?"

"मला कसं माहीत असणार?"

"त्या बोलल्या, सुहासिनीबाईंचा काम हाय, वहीत नको लिवू, कोनाला बोलू नको. जिन्यावर चारदा बसल्या त्या. कागद छापून दिला मी, वाचला पन नाय. सकाली वाचला तवा समाजला." तो पदराला गाठी मारत बसलेल्या बाईसारखा हातातल्या फडक्याला गाठी मारत राहिला. "मना वाटला, तुमीच लिवाला सांगितला."

"आणि म्हणून तू साहेबांसमोर गप्प बसलास? नोकरी जात होती तुझी!"

"बावीस वर्सं तुमच्या हाताखाली गेली. आता चौदा महिन्यांसाठी तुमचा नाव कुठं घेऊ?"

बाईंना तिथे उभं राहवेना. त्याने तसं मानलं, याचा त्यांना राग येत नव्हता. त्याला ते खरं वाटलं, यातच सगळं आलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघाले होते सगळे, आणि संन्याशाच्या मते चोर त्या होत्या.

वृंदा खुर्चीतच होती. बाईंनी पट्टी तिच्यासमोर ठेवली. टेबलावरची बोटं थांबली.

"टाइप करताना मान वर करायची नाही, असंच शिकवलंय आम्हाला," वृंदा म्हणाली. "नजर हातातल्या कागदावर. छापून आल्यावर दिसलं. तीस वर्षांत माझ्या कागदावर कुणी चुकीची खूण केली नव्हती, सुहास. परत टाइप करणार, तर खालून विनिताचा आवाज आला. मग आज सकाळी तू यायच्या आधी तसाच लावला."

"आणि महिपतीवर आळ आला तेव्हा?"

"तेव्हा लाज वाटली. मग वाटलं, पाच वाजायला वेळ आहे." तिचा आवाज बारीक झाला. "एवढा वेळ मी नुसती बसून होते, हे खरं."

"पण का? विनिताने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"तिने काहीच नाही." वृंदाने पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग होता आणि पाणीही. "मी रोज येते ती तुझ्यासाठी येते. पूर्वी आपण किती काय काय बोलायचो. आता तू पर्स ठेवतेस न ठेवतेस तोच सुरू. विनिता अशी हसली, विनिताने असं केलं, विनिताची साडी. आठ महिने माझ्यापाशी बसून तू तिच्याबद्दल बोलतेस. पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तीनदा सांगितलं तुला. तिन्ही वेळा 'हो का' म्हणालीस आणि जिन्याकडे बघत राहिलीस."

बाईंना तीनपैकी एकच वेळ आठवली, आजची.

"तू तिच्यावर जळत होतीस," वृंदा म्हणाली, "आणि मी तुझ्या त्या जळण्यावर जळत होते. म्हटलं, ती गेली की तू परत माझ्याशी बोलशील."

हॉलमधल्या घड्याळात एक वाजला. रोज या वेळेला वृंदा जेवायला घरी जायची. आज ती उठली नाही.

"पाच वाजता सांगशील?" तिने विचारलं.

"सांगावंच लागेल, वृंदा."

"मग मीच सांगते. तू कशाला माझं नाव घेतेस? एरवीही घेत नाहीस."

६

समितीपुढे वृंदाने चार वाक्यांत सगळं सांगितलं, उभं राहून, गुडघा धरून. आधी महिपतीची माफी मागितली, मग विनिताची. कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "माझं वैयक्तिक आहे."

श्यामकांतांनी नियम नववा काढला. वाचनालयाची शिस्त बिघडवणाऱ्याचं सभासदत्व तीन महिने स्थगित. मग जरा घुटमळून महिपतीला म्हणाले, "तुझ्या बोलण्यावरून मी तुला चोर ठरवला. चुकलंच माझं." महिपती म्हणाला, "ऱ्हावू द्या, सायेब," आणि त्याने त्यांना पाणी आणून दिलं.

"एक राहिलं," सुहासिनीबाई उठल्या. हे बोलायची गरज नव्हती. प्रकरण मिटलं होतं, त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं, वृंदानेही नाही. "टाइप वृंदाने केलं. वाक्यं माझी आहेत. एकूण एक. मी महिनाभर ती बोलत होते, कारण विनिताकडे लोक जातात हे मला बघवत नव्हतं. नियम नववा मलाही लावायचा असेल तर लावा."

कुणी लावला नाही. विनिताने राजीनाम्याची घडी उलगडली, परत घातली आणि पर्समध्ये ठेवून दिली. "सोमवारी बिजागरी दुरुस्त करून घेऊ या, मॅडम," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी वृंदाची खुर्ची रिकामी होती. महिपतीचा चहा आधी खाली आला, आणि बाईंना तो गोड लागला नाही. त्यांनी त्या दिवशी जिन्याकडे एकदाही बघितलं नाही. बघायला तिथे तसं काही नव्हतंच, कधीच नव्हतं. दुपारी दोन वाचकांनी विचारलं, "वृंदाताई नाही आल्या?" आणि दोन्ही वेळा बाईंनी नुसती मान हलवली. फोन त्यांनी रविवारी तीनदा केला होता, तो वृंदाने उचलला नव्हता.

चार वाजता त्या वर गेल्या. वहीत रीतसर लिहिलं: सुहासिनी, चार वाजून पाच मिनिटं. कारणाच्या रकान्यापाशी थोडा वेळ थांबून त्यांनी लिहिलं, पत्र. तीन संगणक मोकळे होते, तरी त्या चार नंबरला बसल्या. नवा कीबोर्ड अजून यायचा होता.

एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी टाइप केलं. डावी करंगळी शिफ्टवर, प्रत्येक वेळी, जीव खाऊन दाबलेली. पाव तासाने पडद्यावर उमटलं:

"वृंदा, तुझी आथवन येते. गुदघ्याचं नीत सांग. या वेली ऐकते."

मागे विनिता येऊन उभी राहिली होती. "मॅडम, उजवी शिफ्ट धरा ना. एका मिनिटात सगळं शुद्ध होईल."

"नको," बाई म्हणाल्या. "असंच छापून दे. कुठे बसून लिहिलंय, ते तिला बरोबर कळेल."